लघवीच्या बाटलीत काय दिसतं, काय निसटतं

गेल्या अंकात लघवीतून रक्त जाण्याविषयी मी थोडंसं लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: नळी न घालता, नुसत्या लघवीवरून मूत्राशयाचा कॅन्सर ओळखता येतो, हे खरं का? मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अठ्ठावीस वर्षं माझं बरंचसं काम लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचं आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे. यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलं आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर पत्रांतून काढून टाकला आहे.

प्रश्न : माझं वय ६१. तीस वर्षं सिगारेट ओढली, सहा वर्षांपूर्वी सोडली. गेल्या महिन्यात एका सकाळी लघवी एकदम लाल झाली. दुखलं काहीच नाही. संध्याकाळपर्यंत लघवी पुन्हा स्वच्छ. त्यानंतर एकदाही रक्त दिसलेलं नाही. डॉक्टर दुर्बीण घालून बघू म्हणतात. मला त्याची फार धास्ती वाटते. लघवीची नवी जनुकीय तपासणी करून घेतली आणि ती निगेटिव्ह आली, तर दुर्बीण टळेल का?

उत्तर : नाही. हा शब्द मी विचार करूनच आधी लिहिला, कारण तुमच्या पत्रातल्या ज्या दोन गोष्टींनी तुम्हाला दिलासा मिळाला आहे, त्याच मला काळजीत टाकतात.

पहिली गोष्ट, दुखलं नाही. मुतखडा कळा आणतो, संसर्ग झाला तर जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं. मूत्राशयातली गाठ मात्र सुरुवातीला बहुधा मुकी असते. दुसरी गोष्ट, रक्त आपोआप थांबलं. या गाठी पुष्कळदा आतल्या पाण्यात तरंगणाऱ्या शेवाळासारख्या असतात: एका देठावर नाजूक तंतूंचा झुबका, आणि प्रत्येक तंतूच्या आत केसाहून बारीक रक्तवाहिनी. एखादा तंतू तुटला की लघवी लाल होते. रक्तवाहिनीचं तोंड मिटलं की लघवी स्वच्छ होते. गाठ होती तिथेच असते. पुढचा तंतू आठवड्याने तुटेल किंवा वर्षाने.

डोळ्यांना दिसेल इतकं रक्त लघवीतून गेलं म्हणून तपासणीला आलेल्या लोकांत साधारण दहांपैकी एक-दोघांत कॅन्सर सापडतो. वय साठीपुढे आणि सिगारेटचा इतिहास असला की धोका वाढतो. सिगारेटच्या धुरात अ‍ॅरोमॅटिक अमाइन गटातली रसायनं असतात. ती फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात. मग ती लघवी तासन्‌तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून साठून राहते. सिगारेट सोडल्याने धोका कमी होत जातो, म्हणून तुम्ही सोडलीत हे उत्तमच केलंत. पण तीस वर्षांचा हिशोब सहा वर्षांत पुरा फिटत नाही.

आता निगेटिव्ह या शब्दाविषयी. तुमच्यासारखे शंभर जण आहेत आणि त्यांतल्या पंधरा जणांना गाठ आहे असं धरा. तपासणी चांगली आहे, दहांपैकी नऊ गाठी पकडते, हेही धरून चालू. तरी दीड माणूस सुटतो. म्हणजे एक किंवा दोन माणसं हातात ‘निगेटिव्ह’चा कागद घेऊन, मनावरचं ओझं उतरवून घरी जातात, आणि गाठ आत वाढत राहते. हे मी पाहिलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका गृहस्थांच्या लघवीच्या रिपोर्टवर ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’ असं लिहिलं. स्लाइडवर खरोखरच नव्हत्या. नंतर दोनदा काढून पाहिली. पण त्यांनी त्या ओळीचा अर्थ ‘कॅन्सर नाही’ असा घेतला आणि दुर्बिणीची तारीख रद्द केली. पावणेदोन वर्षांनी ते परत आले तेव्हा गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेली होती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक निगेटिव्ह रिपोर्टखाली एक ओळ असते: ‘लो ग्रेड गाठ या तपासणीत सुटू शकते. लघवीतून रक्त गेलेलं असल्यास सिस्टोस्कोपी करावी.’ लो ग्रेड म्हणजे सौम्य गाठ, आणि सिस्टोस्कोपी म्हणजे दुर्बिणीने आत पाहणं.

दुर्बिणीची भीती मला समजते, आणि तुमच्याशी त्याबद्दल कुणी नीट बोललेलं दिसत नाही. हल्लीची निदानाची दुर्बीण पुष्कळदा लवचीक असते, साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीची. आधी बधिर करणारी जेली आत सोडतात. प्रत्यक्ष पाहायला काही मिनिटं लागतात. नंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळ होते, कधी गुलाबी छटा येते. डॉक्टरांना ‘मला भीती वाटते’ हे याच शब्दांत सांगा, आणि शक्य असेल तर पडद्यावर आतलं चित्र बघायला मागा. स्वतःच्या डोळ्यांनी बघणाऱ्यांची भीती लवकर ओसरते असं मला युरोलॉजिस्ट सहकारी सांगतात. सोबत मूत्रपिंड आणि मूत्रवाहिन्यांचं स्कॅनही होऊ द्या, कारण रक्त वरूनही येऊ शकतं.

प्रश्न : माझं वय ५४. आठ महिन्यांत तीनदा लघवीतून रक्त गेलं. तिन्ही वेळा इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक दिलं. दोन वेळा कल्चर केलं, त्यात जंतू वाढले नाहीत असं आलं. बाईमाणसाला हे होतंच, असं सांगण्यात आलं. आता काय करू?

उत्तर : ताई, युरोलॉजिस्टकडे जा. याच आठवड्यात जा. कल्चरमध्ये जंतू नाहीत आणि रक्त मात्र पुन्हा पुन्हा येतं आहे, याचा अर्थ रक्ताचं कारण अजून कुणी शोधलेलंच नाही. मूत्राशयाचा कॅन्सर पुरुषांत तीन-चार पट जास्त आढळतो. म्हणूनच बाईच्या बाबतीत तो मनात लवकर येत नाही, आणि म्हणूनच बायकांचं निदान उशिरा, आजार पुढे गेल्यावर होतं. अनेक देशांच्या नोंदींत हेच दिसतं आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो. जाताना तिन्ही वेळांच्या तारखा, घेतलेली औषधं आणि कल्चरचे दोन्ही कागद घेऊन जा. ‘बाईमाणसाला होतंच’ असं पुन्हा कुणी म्हणालं, तर ‘कल्चर निगेटिव्ह असताना रक्त कुठून येतं?’ एवढंच विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा. पण सगळा दोष त्या गोळीवर टाकू देऊ नका. गोळी चालू असतानाही लघवीतल्या रक्ताची तपासणी तितकीच पुरी व्हायला हवी.

प्रश्न : बाबांच्या लघवीच्या सायटोलॉजी रिपोर्टमध्ये ‘एटिपिकल युरोथेलियल सेल्स’ असं आलंय. मी नेटवर वाचलं आणि रात्रभर झोपले नाही. हा कॅन्सर आहे का? त्यांना मुतखडाही आहे.

उत्तर : हा शब्द म्हणजे कॅन्सरचं निदान नव्हे. सायटोलॉजी म्हणजे लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, आणि युरोथेलियल म्हणजे मूत्रमार्गाच्या अस्तरातल्या पेशी. तुमच्या बाबांच्या स्लाइडवर काही पेशी नेहमीसारख्या दिसल्या नाहीत, पण कॅन्सर म्हणावं इतक्या बिघडलेल्याही दिसल्या नाहीत, असं माझ्यासारख्या कुणीतरी लिहिलं आहे.

असं का लिहावं लागतं ते सांगते. मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशी सतत गळत असतात आणि लघवीबरोबर बाहेर येतात. गाठीच्या पेशीही तशाच गळतात, किंबहुना जास्त सहज, कारण त्यांची एकमेकींवरची पकड सैल झालेली असते. जॉर्ज पापानिकोलाऊ आणि व्हिक्टर मार्शल यांनी १९४५ साली लघवीतल्या गाळातून कॅन्सर ओळखण्याची पद्धत मांडली. गर्भाशयमुखाच्या तपासणीतला ‘पॅप’ हा शब्द याच पापानिकोलाऊंच्या नावावरून आला. आजही आम्ही त्यांच्याच रंगांनी स्लाइड रंगवतो. त्या रंगात पेशीचं केंद्रक निळं-जांभळं दिसतं. केंद्रकाने पेशीची किती जागा व्यापली आहे, ते किती गडद आहे, त्याची कड गुळगुळीत की खाचखळग्यांची, आतला रंग सारखा पसरलेला की गोळे झालेला, हे आम्ही बघतो. ‘पॅरिस पद्धत’ नावाची नियमावली २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०२२ मध्ये सुधारली गेली. तिच्यानुसार केंद्रकाने पेशीची निम्म्याहून जास्त जागा घेतली आणि सोबत एखादं संशयास्पद लक्षण असलं की ती पेशी ‘एटिपिकल’. सात दशांशाच्या वर जागा, केंद्रक गडद आणि बाकीची लक्षणंही ठळक असली की पुढची, जास्त गंभीर पायरी.

आता मुतखडा. खडा अस्तरावर घासतो आणि पेशींचे पुंजकेच्या पुंजके खरवडून काढतो. अशा पेशी चिडलेल्या, फुगलेल्या दिसतात. संसर्ग, आत ठेवलेली नळी, नुकतीच झालेली दुर्बीण, किरणोपचार, काही औषधं यांनीही हेच होतं. त्यामुळे बाबांना खडा आहे हे लघवी पाठवताना फॉर्मवर लिहिलं होतं का, ते आधी विचारा. मोकळा फॉर्म आला की मी स्वतः वॉर्डात फोन करते. पण सगळीकडे तेवढी सवड असेलच असं नाही.

पुढे काय करायचं हे बाबांचं वय, सिगारेट-तंबाखू, कामाचं स्वरूप आणि लघवीतून रक्त गेलं की नाही यावर ठरेल. रंग, रबर किंवा चामड्याच्या कारखान्यात त्यांनी काम केलं असेल तर ते जरूर सांगा, काम सोडून वीस वर्षं झाली असली तरी. फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यविशारदाने १८९५ साली रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी दाखवून दिल्या. या आजाराच्या कारणांचा शोध तिथून सुरू झाला. रसायनाशी संबंध आल्यावर गाठ दिसायला दशकं लागू शकतात.

प्रश्न : मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. लघवीतले ‘बायोमार्कर’ म्हणजे नेमकं काय मोजतात? सायटोलॉजी असताना त्यांची गरज का पडली?

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. डोळ्यांना एक मर्यादा आहे. उग्र, म्हणजे हाय ग्रेड गाठीच्या पेशी इतक्या बिघडलेल्या असतात की त्या स्लाइडवर लगेच उठून दिसतात. सौम्य, म्हणजे लो ग्रेड गाठीच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात. युरोपच्या युरोलॉजी संघटनेच्या मार्गदर्शिकेत सायटोलॉजीची पकड हाय ग्रेड गाठींसाठी ८४ टक्के आणि लो ग्रेडसाठी १६ टक्के दिली आहे. सोळा! मी कितीही वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले तरी हा आकडा फारसा हलणार नाही, कारण जो फरक आहे तो दिसण्यात नाहीच, तो पेशीच्या आत आहे. तो आतला फरक मोजायचा, म्हणून मार्कर, म्हणजे लघवीत मोजता येणाऱ्या खुणा, आले.

सुरुवातीचे मार्कर प्रथिनांचे होते. एनएमपी २२ हे केंद्रकाच्या सांगाड्यातलं प्रथिन. पेशी मरतात तेव्हा ते लघवीत सुटतं, आणि गाठ असली की जास्त सुटतं. अमेरिकेत या तपासणीला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पण पेशी खड्याने मरतात, संसर्गानेही मरतात. मग तपासणी उगाच पॉझिटिव्ह येते. दुसरी, बीटीए. ती ज्या प्रथिनाला शोधते त्याचं जवळचं भावंड आपल्या रक्तातच असतं, ‘कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच’. लघवीत रक्त मिसळलं की तपासणी फसते, आणि आपण तर रक्त दिसलं म्हणूनच तपासायला निघालेलो असतो. प्रथिनांवरच्या तपासण्या मागे पडल्या त्याचं मुख्य कारण हेच.

मग गुणसूत्रांकडे वळले. ‘फिश’ या तपासणीत ३, ७ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांना आणि ९ व्या गुणसूत्राच्या एका तुकड्याला चार वेगवेगळ्या रंगांचे चमकणारे ठिपके लावतात. निरोगी पेशीत प्रत्येक रंगाचे दोनच ठिपके. गाठीच्या पेशीत ३, ७, १७ चे तीन-चार-पाच होतात आणि ९ व्याचा ठिपका नाहीसा होतो. अंधाऱ्या खोलीत असे ठिपके मोजत बसायचं काम मी पुष्कळ केलं आहे. पहिल्यांदा एका पेशीत लाल रंगाचे पाच ठिपके मोजले तेव्हा, नुसत्या नजरेला जी पेशी मी कदाचित सोडून दिली असती तिने मला थांबवलं, हे अजून आठवतं.

त्यानंतरची पिढी डीएनएच्या अक्षरांची. ‘टर्ट’ नावाचं जनुक टेलोमरेज हे गुणसूत्रांची टोकं जपणारं विकर (एन्झाइम) बनवण्याची सूचना धरून असतं. आपल्या बहुतेक प्रौढ पेशींत ते बंद असतं, म्हणून पेशी ठरावीक वेळा विभागून थांबते. या जनुकाच्या पुढे, त्याला चालू-बंद करणाऱ्या भागात, ठरावीक दोन जागांपैकी एका जागी एकच अक्षर बदललं की ते पुन्हा चालू होतं आणि पेशीला थांबणं उरत नाही. मूत्राशयाच्या अस्तरातून उगवणाऱ्या साधारण ६० ते ८० टक्के गाठींत हा बदल सापडतो, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की तो लो ग्रेड गाठींतही सापडतो. त्याच्या जोडीला ‘एफजीएफआर ३’ जनुकातले बदल, जे विशेषतः लो ग्रेड गाठींत दिसतात. जिथे माझे डोळे हरतात नेमकं तिथलंच हे काम.

डीएनएवर मिथाइल गटाचे टॅग चिकटून काही जनुकं गप्प केली जातात. ते टॅग मोजणारी एक तपासणी १५ जागा बघते. आणखी एक वाट आरएनएची: पेशी या क्षणी कोणत्या जनुकांचा वापर करते आहे ते मोजायचं. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली सीएक्सब्लॅडर ही तपासणी पाच आरएनए मोजते. त्यांतली चार गाठीकडे बोट दाखवतात आणि पाचवा, सीएक्ससीआर २, दाह करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा असतो. म्हणजे पहिले चार वाढलेले दिसले तरी ते गाठीमुळे की नुसत्या संसर्गामुळे, याचा अंदाज पाचव्यावरून घ्यायचा. जुन्या प्रथिनांच्या तपासण्या जिथे अडखळत होत्या ती खाच ओळखून केलेली ही रचना मला फार आवडते. तुम्ही विद्यार्थिनी आहात म्हणून सांगते: आधीची पद्धत कुठे चुकते हे ज्यांनी चिकाटीने लिहून ठेवलं, त्यांच्या नोंदींवर ही नवी तपासणी उभी आहे.

प्रश्न : माझं वय ४२, कसलाही त्रास नाही, सिगारेट नाही. कंपनीच्या आरोग्य तपासणीत लघवीतून कॅन्सर ओळखण्याची तपासणी ठेवली आहे. करून टाकू का? नुकसान तर काही नाही ना?

उत्तर : नुकसान आहे, म्हणून करू नका. त्रास नसलेले, धोका कमी असलेले दहा हजार जण घ्या. त्यांत वीस जणांना गाठ आहे असं धरू, हेही मी सढळ हाताने धरते आहे. तपासणी गाठ असलेल्यांपैकी ९० टक्के पकडते आणि गाठ नसलेल्यांपैकी ८५ टक्क्यांना बरोबर ‘नाही’ म्हणते. म्हणजे अठरा खरे रुग्ण सापडले. आणि गाठ नसताना पॉझिटिव्ह आलेले? सुमारे पंधराशे. त्या पंधराशे जणांना स्कॅन, दुर्बीण, कित्येक आठवड्यांची झोपमोड. याच कारणाने कोणतीही मोठी वैद्यकीय संघटना सर्वसामान्य निरोगी लोकांची सरसकट अशी चाळणी करा असं सांगत नाही.

पुढे चित्र बदलू शकतं. इराणमधल्या गोलेस्तान प्रांतात हजारो लोकांच्या लघवीचे नमुने वर्षानुवर्षं जपून ठेवले होते. पुढे ज्यांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला, त्यांचे जुने नमुने काढून पाहिले तेव्हा टर्टमधला बदल काहींच्या बाबतीत निदानाच्या दहा वर्षं आधीच्या लघवीत सापडला. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचल्यावर मी कितीतरी वेळ तो कागद हातात धरून बसले होते. पण त्यात पुढे कॅन्सर झालेले आणि ज्यांचा निकाल हाती आला असे रुग्ण तीसच होते आणि निम्म्याहून थोड्या जास्त जणांच्या नमुन्यात बदल सापडला नव्हता. त्यावरून आज तुमची तपासणी करावी असं निघत नाही.

मात्र एका मधल्या गटासाठी या तपासण्या आज खरोखर कामाच्या आहेत. डोळ्यांना न दिसणारं, सूक्ष्मदर्शकात मोठ्या भिंगाखाली एका क्षेत्रात तीन किंवा जास्त लाल पेशी भरणारं रक्त, आणि धोका ना फार कमी ना फार जास्त. अमेरिकेच्या युरोलॉजी संघटनेने २०२५ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेनुसार अशा व्यक्तीला दुर्बीण नको असेल, तर नीट समजावून सांगून लघवीच्या मार्करवर निर्णय घेता येतो. सोनोग्राफी मात्र करायचीच. लघवीत बुडवायच्या नुसत्या पट्टीवर रंग बदलला म्हणजे रक्त ठरत नाही, सूक्ष्मदर्शकात पेशी मोजलेल्या असायला हव्यात, एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : तीन वर्षांत माझ्या मूत्राशयातली गाठ दोनदा काढली. मूत्राशयात बीसीजी लस सोडण्याचा उपचार झाला. दर तीन महिन्यांनी दुर्बीण. आता तारीख जवळ आली की आठ दिवस आधीपासून पोटात गोळा येतो. घरच्यांवर चिडतो. लघवीच्या तपासणीवर भागवता येणार नाही का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. या आजाराचं निदान होतं तेव्हा चारांपैकी तिघांत गाठ स्नायूपर्यंत पोचलेली नसते, आणि ही चांगली गोष्ट आहे. पण ती परत येत राहते. म्हणून माणूस बरा असूनही वर्षानुवर्षं तारखांवर जगतो. या थकव्याबद्दल रिपोर्टच्या कागदावर कधीच काही नसतं.

तुमच्या गाठीचा ग्रेड पत्रात नाही. बीसीजी दिलं आहे त्यावरून धोका मध्यम किंवा जास्त असावा. जास्त धोक्याच्या गटात पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पुढे पाचव्या वर्षापर्यंत सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षाने दुर्बीण, असा प्रघात आहे. या गटात आज तरी लघवीची कोणतीही तपासणी दुर्बिणीची जागा घेत नाही. इथे एखादी गाठ सुटली तर ती थांबून राहणारी नसते. लघवीची तपासणी दुर्बिणीच्या बरोबरीने करतात, कारण काही बिघाड सपाट असतो. अस्तरावर नुसता मखमली लालसर डाग, जो साध्या प्रकाशात डोळ्यांना चकवतो. त्याच्या पेशी मात्र लघवीत भरपूर गळतात आणि स्लाइडवर ठळक दिसतात. तिथे माझं आणि युरोलॉजिस्टचं काम एकमेकांना पुरं करतं.

गाठ लो ग्रेड आणि धोका कमी असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या तीन महिन्यांची दुर्बीण स्वच्छ निघाली की पुढची थेट नऊ महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा करतात. काही दुर्बिणींच्या ऐवजी मार्कर वापरता येतील का, यावर सध्या ठिकठिकाणी काम चालू आहे. तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा: मी कोणत्या गटात आहे, आणि तीन महिन्यांचं अंतर सहा महिन्यांवर कधी जाईल? तीन वर्षं होत आली आहेत. शेवटची गाठ केव्हा निघाली त्यावर उत्तर ठरेल, पण कदाचित ते तुम्हाला वाटतं त्याहून जवळ असेल.

आणखी एक. मार्कर पॉझिटिव्ह आणि दुर्बीण स्वच्छ, असा प्रसंग तुमच्यावर येऊ शकतो. तेव्हा तपासणी खोटी म्हणून कागद फेकू नका, आणि गाठ आलीच असं समजून खचूही नका. बीसीजीनंतर काही आठवडे अस्तर सुजलेलं असतं, त्याने तपासणी बिघडते. सूज नसेल तर मूत्रवाहिन्या आणि मूत्रपिंडाकडे पाहावं लागतं, काही ठिकाणी निळ्या प्रकाशाची दुर्बीण वापरतात. कधी गाठ दिसण्याच्या आधीच पेशी बोललेल्या असतात, म्हणून अशा वेळी पुढच्या तारखा चुकवायच्या नाहीत. चिडचिडीबद्दल घरच्यांना सांगा की ती तारखेची आहे, त्यांच्यावरची नाही. त्यांना ते कळलेलं असण्याची शक्यता बरीच आहे, पण तुमच्या तोंडून ऐकायला हवं असतं.

प्रश्न : यजमानांना तीन दिवस लघवीचा नमुना द्यायला सांगितलंय. घरी देताना काय चुकतं?

उत्तर : सकाळची पहिली लघवी देतात, ते चुकतं. रात्रभर मूत्राशयात पडून राहिलेल्या पेशी लघवीतच विरघळायला लागतात, केंद्रकं धुरकट होतात आणि मला काही सांगता येत नाही. पहिली जाऊ द्या. मग दोन पेले पाणी प्यायला सांगा, थोडं चालू-फिरू द्या आणि दुसऱ्या वेळची द्या, भरपूर द्या. तळाला चमचाभर पाठवू नका. तासा-दोन तासांत पोचवता येत नसेल तर लॅबकडून द्रावण घातलेली बाटली आधीच मागून आणा. जनुकीय तपासणी असेल तर त्यांची स्वतःची वेगळी बाटली असते, दोन्हींची अदलाबदल करू नका. तीन दिवस म्हणजे तीन वेगळे दिवस. एकाच दिवसाच्या तीन बाटल्या चालत नाहीत. आणि प्रत्येक बाटलीवर नावाबरोबर तारीख आणि वेळ लिहा. वेळ लिहिलेली बाटली हातात आली की स्लाइडवर जे दिसतं आहे ते आजाराचं की उशिराचं, हे मला ठरवता येतं.